संगणकाची उत्तरं शाळेने द्यावीत

शाळेत नवे संगणक येतात तेव्हा कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, माउस, यूपीएस अशा प्रत्येक वस्तूची जडसंग्रह नोंदवहीत नोंद होते. त्याआधी तीन दरपत्रकं आलेली असतात, तुलनात्मक तक्ता झालेला असतो, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव असतो. रॅम किती, डिस्क कसली, वॉरंटी किती वर्षांची हे सगळं त्यात असतं. पण हा संगणक मुलांशी कोणत्या भाषेत बोलणार, त्यावर मराठी टाइप करता येणार का, मुख्य पासवर्ड कोणाकडे राहणार, याबद्दल त्या सगळ्या कागदांत अक्षरही सापडत नाही. हे निर्णय होतातच. ते तालुक्याच्या गावातल्या कुठल्यातरी दुकानात, पेनड्राइव्हवरच्या एका फाइलमध्ये होतात आणि शाळेतल्या कोणीही ती फाइल पाहिलेली नसते.

मी शाळांच्या आणि सार्वजनिक वाचनालयांच्या संगणक-खोल्या लावून देते. कराड, पाटण, वाळवा हा माझा भाग. ही फाइल माझ्या रोजच्या कामातली आहे, म्हणून ठामपणे सांगते की ती पुरवठादाराची नाही आणि माझीही नाही, ती शाळेची आहे. तिच्यातली उत्तरं शाळेने ठरवायला हवीत, ती साध्या मराठीत एका पानावर लिहून त्याखाली मुख्याध्यापकांची सही व्हायला हवी, आणि त्यानंतरच कोणी पेनड्राइव्ह लावायला हवा.

ही फाइल म्हणजे काय ते सांगते. विंडोज असो की लिनक्स, ऑपरेटिंग सिस्टिम हाताने टाकायला बसलं की ती प्रश्न विचारत जाते. भाषा कोणती, देश कोणता, कीबोर्ड कोणता, डिस्कचे भाग कसे पाडू, वापरणाऱ्याचं नाव काय, पासवर्ड काय. एका यंत्रापुरतं हे ठीक असतं. वीस यंत्रांपुढे बसून तीच उत्तरं वीसदा देणं कोणालाच परवडत नाही. म्हणून उत्तरं आधीच फाइलमध्ये लिहून ठेवतात आणि इन्स्टॉलर ती वाचून, कोणाला काही न विचारता, काम पुरं करतो. ही पद्धत जुनी आहे. सन कंपनीच्या सोलारिसला जम्पस्टार्ट होतं, रेड हॅटने किकस्टार्ट आणलं, जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठात १९९९ साली ‘फाय’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. डेबियन या लिनक्सचा नवा इन्स्टॉलर २००५ मध्ये आला, त्यात प्रीसीडची सोय आहे. विंडोजमध्ये व्हिस्टापासून ही उत्तरं एक्सएमएल फाइलमध्ये जातात. उबुंटू सर्व्हरने २०२० मध्ये स्वतःची वेगळी पद्धत काढली. नावं निरनिराळी, पण आतले प्रश्न बहुतेक तेच.

उत्तरांपेक्षाही महत्त्वाचा असतो तो अगदी शेवटचा टप्पा. सगळ्या फाइली डिस्कवर उतरलेल्या असतात, पण नवी सिस्टिम स्वतः एकदाही सुरू झालेली नसते. या वेळी इन्स्टॉलरला सांगता येतं की आणखी एवढं करून ठेव आणि मगच रीबूट हो. डेबियनमध्ये याला लेट कमांड म्हणतात, किकस्टार्टमध्ये पोस्ट विभाग असतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या मेमरी कार्डावरचा बूटचा भाग तर कोणत्याही साध्या संगणकावर उघडतो, त्यात हवी ती फाइल ठेवता येते. भिंतीला गिलावा होण्याआधी वायरिंगचे पाइप टाकून घेतात, तशी ही वेळ आहे. नंतर काम होतं, पण भिंत फोडून. उदाहरण द्यायचं तर लिनक्समध्ये ‘स्केल’ नावाचं एक फोल्डर असतं. त्यात जे ठेवाल त्याची प्रत यापुढे तयार होणाऱ्या प्रत्येक खात्यात आपोआप जाते. पहिलं खातं तयार होण्याआधी तिथे मराठी पत्राचा नमुना किंवा मुलांसाठी कीबोर्डचा तक्ता ठेवला, तर तो सगळ्यांना मिळतो. खाती होऊन गेल्यावर ठेवला, तर एकेका खात्यात जाऊन चिकटवत बसावं लागतं.

आता भाषेकडे येते. माझा खरा जीव तिथे अडकलेला आहे.

डेबियन टाकताना भाषा म्हणून मराठी निवडली की मराठीसाठी एकत्र बांधलेला एक संच तिच्यामागोमाग येतो. त्यात देवनागरी फॉन्ट असतात, टाइप करण्याची साधनं असतात, ब्राउझरचे आणि लिबरऑफिसचे मराठी भाग असतात. उत्तरांच्या फाइलमधली एकच ओळ, आणि एवढं सगळं यंत्र सुरू होण्याआधी जागेवर बसलेलं. तीच ओळ इंग्रजी ठेवली तर यातलं एकेक नंतर शोधायचं. कोणाला तरी त्याचं नाव माहीत हवं, मुख्य पासवर्ड हवा, इंटरनेट चालू हवं आणि पस्तीस मिनिटांच्या तासिकेत त्यासाठी वेळ हवा. ‘सेटिंगमधून कधीही बदलता येतं’ असं मला पुरवठादारही सांगतात आणि काही शिक्षकही. येतं, हे खरं आहे. पण मी ज्या लॅब पाहिल्या त्यांत एकदा जे बसलं ते वर्षानुवर्षं तसंच राहिलं. संगणक जुने होऊन लिलावात गेले तेव्हाही त्यांच्यावर मराठी कीबोर्ड आलेला नव्हता. त्यात शिक्षकांचा आळस मला दिसत नाही. ज्यांच्या हातात रोज यंत्र असतं त्यांना बदलाचा अधिकार दिलेला नसतो, आणि ज्याला अधिकार असतो तो वॉरंटीच्या कॉलखेरीज शाळेत येत नाही.

काही जण अर्धी काळजी घेतात आणि मराठीऐवजी हिंदी निवडतात. लिपी एकच, मग बिघडलं कुठे, असं त्यांना वाटतं. बिघडतं. मराठी निवडलं की अनेक ठिकाणी तारखा आणि आकडे आपोआप देवनागरी अंकांत येतात, हिंदीत ते बहुधा इंग्रजी अंकांत राहतात. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात आणि मजकूर मराठी आहे हे कळलं तरच ते पुढे येतात. पहिलीच्या मुलाने पाटीवर जो ल गिरवला आणि बालभारतीच्या पुस्तकात जो पाहिला, तोच त्याला पडद्यावर दिसायला हवा. हे हट्टाचं मागणं नाही. फॉन्ट करणाऱ्यांनी ते काम आधीच करून ठेवलं आहे. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित फॉन्ट सर्वांना मोकळे करून दिले, त्यानंतर आणखी कितीतरी आले. आपण फक्त ती एक ओळ बरोबर लिहायची आहे.

‘ॲ’चं प्रकरण तर वाचनालयांना फार छळतं. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आलं. त्याआधीच्या कीबोर्डांवर लोक अ लिहून त्यावर चंद्र चढवत, आणि आजही अनेक यंत्रांवर तसंच करावं लागतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ती दोन वेगळी अक्षरं. ग्रंथपालांनी पुस्तकाचं नाव एका पद्धतीने नोंदवलं आणि वाचकाने दुसऱ्या पद्धतीने शोधलं, तर पुस्तक कपाटात असूनही पडद्यावर सापडत नाही. उपाय एवढाच की वाचनालयातल्या सगळ्या यंत्रांवर नवा, सुधारित इनस्क्रिप्ट कीबोर्ड एकसारखा बसवायचा, आणि तो पहिली नोंद होण्याआधी. दहा हजार पुस्तकांची सूची झाल्यावर ही शहाणीव येऊन उपयोग नाही.

कीबोर्ड निवडताना माणसं पाहावी लागतात. शाळेतल्या लिपिकांनी टाइपरायटरवर हात बसवला असेल तर त्यांना रेमिंग्टनची रचना लागते. मुलांना मी इनस्क्रिप्ट देते, कारण त्यात स्वर एका हाताला आणि व्यंजनं दुसऱ्या हाताला येतात आणि वर्णमाला शिकलेल्या मुलाला ते पटकन उमगतं. घरी मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्या तरुण शिक्षकांना गमभनसारखी उच्चारानुसारी रचना सोपी जाते. लिनक्सवर या तिन्ही रचना एकाच यंत्रावर ठेवता येतात. एक गोष्ट मात्र पाळावी लागते. पासवर्ड टाइप करण्याच्या वेळी पहिला कीबोर्ड इंग्रजीच असायला हवा, मराठी दुसरा. मराठीच्या उत्साहात देवनागरी पहिली ठेवली आणि पासवर्ड इंग्रजी अक्षरांत असला, तर सकाळी प्रार्थनेनंतर लॅब उघडणाऱ्या बाई दारातच अडकतील.

मेनूसुद्धा मराठीच हवेत, असा माझा आग्रह नाही, आणि यावर माझ्या बरोबरीच्या काही मराठीप्रेमी मंडळींशी माझं जमत नाही. अनेक प्रणालींचं मराठी भाषांतर अर्धवट आहे. एक ओळ मराठी, पुढची इंग्रजी असा पडदा मुलांना जास्त गोंधळवतो. शिवाय पाठ्यपुस्तकातली चित्रं इंग्रजी मेनूची असतील तर शिक्षकांना ते जुळवत बसावं लागतं. पाटण तालुक्यातल्या एका मुख्याध्यापकांना मी हेच विचारलं होतं. ते म्हणाले, “ताई, मेनू इंग्रजीच ठेवा. पण पोरानं आपलं नाव मराठीत लिहिलं पाहिजे, आणि ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं तरी तसंच दिसलं पाहिजे.” मला हे उत्तर पूर्ण पटलं. लिखाण, फॉन्ट आणि तारखा मराठीत, मेनू इंग्रजीत, अशी विभागणी उत्तरांच्या फाइलमध्ये सरळ करता येते. मुद्दा असा की हे उत्तर मुख्याध्यापकांनी दिलं. त्यांना विचारल्याशिवाय ते मला सुचलं नसतं.

आधीच सगळं ठरवून टाकावं, असंही माझं म्हणणं नाही. काही गोष्टी मुद्दाम पहिल्या बूटसाठी राखून ठेवायच्या असतात. एक यंत्र नीट लावायचं आणि त्याची हुबेहूब प्रत बाकीच्यांवर उतरवायची, ही आपल्याकडची लाडकी पद्धत. तिच्यात यंत्राची ओळखही प्रत होऊन जाते. लिनक्समध्ये प्रत्येक यंत्राला एक स्वतंत्र ओळख-क्रमांक असतो, दूरवरून जोडणी करण्यासाठी गुप्त किल्ल्यांची जोडी असते. प्रत काढताना त्या पुसल्या नाहीत, तर लॅबमधली सगळी यंत्रं नेटवर्कवर एकाच नावाने हजेरी लावतात. कधी दोघांना एकच पत्ता मिळतो आणि इंटरनेट आज या टेबलावर चालतं तर उद्या त्या. ओळखीची फाइल रिकामी ठेवली, की पहिल्या बूटच्या वेळी प्रत्येक यंत्र स्वतःची ओळख स्वतः तयार करतं. विंडोजमध्ये हेच काम सिसप्रेप करतं. जे सर्वांचं आहे ते आधी, जे एकेकाचं आहे ते नंतर. ही वाटणी ज्याला कळते त्याच्याच हातात लॅब द्यावी.

आणि एक प्रश्न कधीही फाइलमध्ये उत्तर देऊन बंद करू नये, तो म्हणजे ‘ही डिस्क पुसू का?’ न विचारता चालणारा इन्स्टॉलर न विचारता डिस्कही पुसतो. असा पेनड्राइव्ह चुकून कार्यालयातल्या संगणकाला लागलेला राहिला, वीज जाऊन आली आणि यंत्र त्याच्यावरून सुरू झालं, तर निकालपत्रकं, दाखले, शालेय पोषण आहाराचे हिशेब काही मिनिटांत जातात. उबुंटूच्या नव्या पद्धतीत याची काळजी घेतली आहे. सुरुवातीच्या आज्ञेत मुद्दाम वेगळा शब्द घातला नाही, तर डिस्कला हात लावण्याआधी इन्स्टॉलर एकदा हो की नाही विचारून थांबतो. वेळ वाचवण्यासाठी काही जण तो थांबाही काढून टाकतात. वीस यंत्रांवर वीसदा ‘हो’ लिहायला फार तर पाव तास जातो. तो पाव तास शाळेने मागून घ्यावा.

पासवर्डबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. एखादा पुरवठादार तालुक्यातल्या सगळ्या शाळांना एकच फाइल वापरतो, म्हणजे सगळ्या शाळांचा मुख्य पासवर्ड एकच. एका शाळेतून निघालेला सातवीचा हुशार मुलगा दुसऱ्या शाळेच्या लॅबमध्ये सहज शिरेल, आणि त्याच्याहून वाईट हेतूचा कोणीही. ठरावीक पासवर्डांनी काय होतं ते जगाने २०१६ मध्ये पाहिलं. मिराई नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातून बसून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून घराघरांतले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्या जोरावर त्या ऑक्टोबरात इंटरनेटवरच्या मोठमोठ्या सेवा काही तास बंद पाडल्या. रास्पबेरी पायवर वर्षानुवर्षं ‘पाय’ हे खातं आणि ‘रास्पबेरी’ हा पासवर्ड तयारच मिळत असे. २०२२ च्या एप्रिलमध्ये ते खातं काढून टाकण्यात आलं, आता मालकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड ठरवावाच लागतो. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडता येणाऱ्या घरगुती उपकरणांवर असे सार्वत्रिक पासवर्ड देण्याला कायद्यानेच बंदी आहे. आपल्या शाळांनी कायद्याची वाट कशाला पाहावी? दहावीच्या प्रश्नपत्रिका सीलबंद पाकिटात सांभाळण्याची शिस्त आपल्याकडे आहेच. शाळेचा स्वतंत्र मुख्य पासवर्ड तशाच पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात राहू शकतो. फाइलमध्ये तो उघड न लिहिता सांकेतिक रूपात लिहिता येतो. आणि काम झाल्यावर फाइलच्या प्रती यंत्रात राहिल्या आहेत का हेही पाहावं लागतं. विंडोज ती फाइल स्वतःच्या एका फोल्डरमध्ये ठेवून देतं, आणि तिच्यातला पासवर्ड वरवर झाकलेला असला तरी जाणकाराला तो क्षणात वाचता येतो.

हे सगळं फार अवघड आहे, खेड्यातल्या शाळेला कसं झेपणार, असं कोणी म्हणेल. केरळने ते राज्याच्या पातळीवर करून दाखवलं आहे. तिथे २००१ साली सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ या प्रकल्पाने, ज्याचं पुढे ‘काइट’ झालं, सरकारी शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार केली. मल्याळम लिहिण्याची सोय आणि अभ्यासक्रमाला लागणारी साधनं शाळेत पोहोचण्याआधीच तिच्यात बसवलेली असतात. शिक्षकाला शोधाशोध करावी लागत नाही, मुलाला परवानगी मागावी लागत नाही. आपल्याकडे सी-डॅक पुण्यात आहे, देवनागरी संगणकावर आणण्याचं मोठं काम तिथे झालं. ज्ञान आपल्या दाराशी आहे. ते लॅबच्या पेनड्राइव्हपर्यंत यावं, अशी व्यवस्था तेवढी उभी करायला हवी. राज्याने मराठी शाळांसाठी एक तयार नमुना-फाइल काढली, आणि शाळांना तिच्यात स्वतःची उत्तरं भरायला मोकळीक दिली, तर गावोगाव माझ्यासारख्यांनी तेच काम पुन्हा पुन्हा करण्याची गरज उरणार नाही.

तोवर शाळांनी थांबू नये. खरेदीच्या अटींमध्ये एक अट वाढवायची: पुरवठादाराने इन्स्टॉलेशनच्या उत्तरांची फाइल आणि तिचा मराठीत लिहिलेला खुलासा शाळेला द्यावा. यात त्यांना जास्तीचं काम पडत नाही. रेड हॅट आणि फेडोराचा इन्स्टॉलर तर हाताने काम केलं तरी दिलेली सगळी उत्तरं आपणहून एका फाइलमध्ये लिहून ठेवतो, फक्त ती मागावी लागते. खुलाशात लिखाणाची भाषा, मेनूची भाषा, कीबोर्ड, खाती, कोणाला काय बदलता येईल, अपडेट कधी होतील आणि पासवर्ड कोणाच्या ताब्यात, एवढं असलं तरी पुरे. समितीत पालक असतात. त्यांच्यासमोर ते पान वाचावं. भाषेबद्दल त्यांना मत असतं, आपल्याला वाटतं त्याहून जास्त.

आणि बिल मंजूर करण्याआधी मुख्याध्यापकांनी कोणत्याही एका यंत्रावर, मुलाच्या साध्या खात्यातून, काहीही नवीन न टाकता, ‘दुसऱ्या ॲपमधली गोष्ट’ एवढे शब्द टाइप करून ती फाइल शेजारच्या यंत्रावर उघडून पाहावी. अक्षरं जशीच्या तशी दिसली तर सही करावी. दिसली नाहीत तर यंत्रं परत न्यायला सांगावं, दुरुस्ती शाळेत बसून करू देऊ नये, कारण ती एकाच यंत्रावर होते आणि बाकीची तशीच राहतात.